भोगलं म्हणून फेडायलाच हवं का?

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत वाढलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीचं हे पत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वडील हमाली करायचे. पिऊन आले की आईला आणि हिला मारायचे. दहाव्या वर्षापासून धाकट्या भावाला कडेवर घेऊन हिनं घर सांभाळलं. बारावीचा परीक्षा फॉर्म शाळेतल्या एका मॅडमनी स्वतःच्या पैशानं भरला, नाहीतर शिक्षण तिथंच संपलं असतं. पुढे नोकरी करत बी.कॉम. झालं. चार वर्षांपूर्वी वडील गेले. 'रडू आलं नाही,' असं ती लिहिते. आज गांधीबागेत एका होलसेल कापड दुकानात हिशेब लिहिते, पगार १४,०००. आई एका मेसमध्ये पोळ्या करते, तिचे ९,०००. खोलीचा किराया ४,५००. आईच्या ऑपरेशनसाठी गटातून काढलेल्या कर्जाचा हप्ता २,८००, आणि जूनपासून धरले तर दहा हप्ते उरतील. भाऊ दहावीला. बँकेत ४६,००० आहेत.

तिला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायची आहे, 'माझ्यासारख्या पोरांसाठी'. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणतात, बस झालं शिक्षण, आता स्थळ पाहू. एका संस्थेच्या रविवारच्या वर्गात ती शिकवते. तिथल्या एका मुलाच्या दंडावर पट्ट्याचा वळ दिसला, तेव्हा ती तडक त्याच्या घरी गेली आणि चारचौघांत त्याच्या आईला नाही नाही ते बोलली. मुलगा वर्गाला यायचा बंद झाला. तीच संस्था आता देणगीदारांच्या कार्यक्रमात 'तुझी गोष्ट सांग' म्हणते आहे. मध्यंतरी तिनं मोबाइलवर बालपणातल्या आघातांची दहा प्रश्नांची चाचणी सोडवली, तिच्यात सात आले. ती विचारते: 'ताई, मॅडमचं ऋण फेडायचं तर मला हे केलंच पाहिजे, नाहीतर एवढं भोगलं ते वाया जाईल. पण मी स्वतःच मोडलेली, दुसऱ्याला काय सावरणार? आणि घर कोण चालवणार?'

•

तुझं पत्र हिशेब लिहिणाऱ्या मुलीचं आहे हे पहिल्याच पानावर कळलं. किराया, हप्ता, शिल्लक, सगळं जागच्या जागी. म्हणून मीही हिशेबापासूनच सुरुवात करते. ऋण आणि लायकी या मोठ्या गोष्टी नंतर. महिन्याच्या पाच तारखेला किराया कुठून येणार हे ठरलेलं नसताना मनावर प्रवचन देणं मला जमत नाही.

जूनमध्ये नोकरी पूर्ण सोडून कॉलेजात बसलीस तर १४,००० गेले. संध्याकाळी तीन लहान दुकानांची खाती लिहिलीस आणि दुकानामागे २,००० धरले, तर ६,००० परत आले. म्हणजे महिन्याला ८,००० चा खड्डा. तुझी शिल्लक त्यात सहा महिनेही पुरत नाही. दिवाळीचे दिवे उतरवेपर्यंत तू पुन्हा गांधीबागेत, आणि वर 'मला जमलं नाही' हा शिक्का. हा रस्ता मी तुला सुचवणार नाही.

पण शेठना अर्धवेळ विचारलंस का? पत्रात तसं कुठेच दिसत नाही. नोकरी एकतर आहे किंवा नाही, असं तू धरून चालली आहेस. तूच लिहिलंयस की दुकानाचं जीएसटी तू पाहतेस आणि तू सुट्टीवर असलीस की शेठचा दिवसातून चारदा फोन येतो. असा माणूस पुन्हा शोधणं आणि तयार करणं शेठलाही नको असतं. कॉलेज सुटल्यावर दुपारी तीन ते आठ, रविवारी बंद, पगार ८,०००, असं कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. 'पाहा ना, काही जमते का' अशा सुरात नको. बाहेरचं एकच खातं घे, २,००० चं. मग खड्डा ४,००० चा. दहा महिन्यांचे ४०,००० तुझ्या शिल्लकेतून निघतात, आणि हप्ता संपला की खड्डा उरतो १,२०० चा. हे झेपण्यासारखं आहे. दमशील, हे खरं. पहिल्या सत्रात तर फारच दमशील, कारण एमएसडब्ल्यूत वर्गातल्या तासांबरोबरच क्षेत्रकार्य, म्हणजे प्रत्यक्ष वस्तीत-संस्थेत जाऊन करायचं काम, असतं आणि त्याचे रिपोर्ट रात्री बसून लिहावे लागतात.

शेठ नाही म्हणाले तर माझं मत असं: या जूनला नको, पुढच्या जूनला. तोवर हप्ता फिटलेला असेल. महिन्याला सरासरी ४,००० बाजूला टाकलेस तर शिल्लक ९४,००० होईल, आणि तीन दुकानांची खाती लिहून उरणारा ५,२०० चा खड्डा त्यातून अठरा महिने भरता येईल. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात उरले सहा महिने. तोवर शिष्यवृत्तीचं काहीतरी हाती आलेलं असतं. 'वर्षभर थांब' म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येणार हे मला माहीत आहे, कारण थांबलेल्या मुलीचं लग्न ठरतं. त्यावर उपाय म्हणजे थांबण्याला तारीख देणं. मोठ्या बाबांना आजच सांग की अमुक वर्षीच्या जूनमध्ये प्रवेश घेणार आहे, दोन वर्षांचा कोर्स आहे, आणि स्थळांचा विषय त्यानंतर काढायचा. ते चिडतील. चिडू देत. त्यांच्याशी वाद घालून त्यांचं मत बदलण्याची गरज नाही, घर त्यांच्या पैशावर चालत नाही.

शिष्यवृत्तीबद्दल. तू अनुसूचित जातीच्या प्रवर्गात आहेस, तेव्हा भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवरून मागता येते. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. तुझे आणि आईचे मिळून आज २,७६,००० होतात, म्हणजे काठावरून बाहेर. नोकरी सोडल्यावर किंवा अर्धी केल्यावर चित्र बदलतं. मात्र दाखला कोणत्या वर्षाचा चालतो, नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याचं उत्पन्न कसं धरतात, हे प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या बाबूंना प्रत्यक्ष भेटून विचार. मैत्रिणीचं झालं म्हणून माझंही होईल, यावर विसंबू नकोस. आणि या पैशांवर किराया लावू नकोस. शिष्यवृत्ती मिळते, पण ती आपल्या सवडीनं येते.

तुझ्या पत्रात नसलेली एक गोष्ट सांगते. वडील गेले आहेत आणि भाऊ अठरा वर्षांच्या आत आहे. अशा मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात करायचा. वडिलांचा मृत्यू दाखला, भावाचं शाळेचं बोनाफाईड, आईचं आधार आणि रहिवासी पुरावा लागतो. दर महिन्याला वेळेवर जमा होतीलच असं नाही, पण तुझा तो १,२०० चा खड्डा यातून बुजतो. चार वर्षं हा अर्ज कोणी भरला नाही, कारण घरातली कागदपत्रं पाहणारी एकटी तू, आणि तुला कोणी सांगितलं नाही.

आता 'घर कोण चालवणार' या तुझ्या वाक्याकडे येते. घर आजही एकटी तू चालवत नाहीस. आईचे ९,००० त्यात आहेत. पत्रात आईचा पगार आहे, आईचं ऑपरेशन आहे, पण आई काय म्हणते हे कुठेच नाही. मोठ्या बाबांचं मत तू चार ओळींत लिहिलंस. आईविषयी एवढंच: 'ती गप्प असते.' तिला तू विचारलं आहेस का? की दहाव्या वर्षी घर अंगावर पडलं तेव्हापासून, आईनं काही ठरवायचं असतं हीच कल्पना घरात उरली नाही? अशा घरांत पोरी लवकर मोठ्या होतात आणि आया हळूहळू त्यांच्या लेकी होऊन बसतात. त्यात कोणाचा दोष नाही. पण तू दोन वर्षं कॉलेजात जाणार असशील तर घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला पुन्हा मोठं व्हावं लागेल. पंधरा वर्षांच्या भावालाही. सकाळचं पाणी भरणं, स्वयंपाकाचं निम्मं काम, गटाच्या मीटिंगला जाणं, या गोष्टी तुझ्या नावावरून उतरल्या पाहिजेत. मुलगा दहावीला आहे म्हणून त्याला कामं नकोत, असं आई म्हणेल. तुझ्या दहावीला तुला कोणी असं म्हटलं होतं का, हे तिला एकदा शांतपणे विचार.

एमएसडब्ल्यूच करायचं का, हेही पाहू. तुझ्यासारख्या मुलांसाठी काम करायचं म्हणजे हाच एक दरवाजा, असं नाही. बी.एड. करून शाळेत जाणारी बाई रोज चाळीस मुलांना भेटते. तीन वर्षांचं एलएल.बी. करून बालकांच्या प्रकरणांत उभं राहता येतं. आणि चोख हिशेब लिहिणारं माणूस ही सामाजिक संस्थांची कायमची गरज आहे. कित्येक चांगल्या संस्था ऑडिटच्या वेळी रडकुंडीला येतात. हे सगळं मोजूनही तुला एमएसडब्ल्यूच हवं असेल, तर नोकरी न सोडता करायचं म्हणून इग्नूचा दूरशिक्षणाचा एमएसडब्ल्यू आहे, त्यांचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. खर्च कमी, पगार चालू. तरी तुझ्याबाबतीत माझा कल नियमित कॉलेजकडे आहे, आणि कारण तो रविवारचा मुलगा आहे.

त्याच्याबद्दल तू जे लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तो शुद्धलेखन लिहीत होता. खोडरबर खाली पडलं, ते उचलायला वाकला तेव्हा शर्टाची बाही वर गेली. तुला वळ दिसला. तुला दिसला हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं बाही खाली ओढून वही तुझ्याकडे सरकवली, जणू काही शुद्धलेखन तपासायलाच तू थांबली होतीस. हे पाहायला नजर लागते, ती तुझ्याकडे आहे. पण तिथून त्याच्या दारापर्यंत तू कशी पोहोचलीस, हे तुलाही आठवत नाही. 'पाय आपोआप गेले,' असं तू लिहितेस. पाहणं ही तुझ्या बालपणाची कमाई आहे. पुढे काय करायचं, हे मात्र शिकावं लागतं.

तू ज्या बाईला बोललीस तिला काय बोललीस तेही पत्रात आहे: 'डोळे फुटले होते का तुमचे?' मला एकच विचारायचं आहे, आणि उत्तर मला पाठवू नकोस. हा प्रश्न तुला खरं तर कोणाला विचारायचा होता? त्या बाईच्या अंगावर वळ आहेत की नाहीत हे तू पाहिलं नाहीस. ज्या घरात मुलाला पट्ट्यानं मारतात त्या घरात बाई बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या पायरीवर असते, ज्या घरात तू वाढलीस त्यासारखीच.

म्हणून नियमित कॉलेज. तिथं क्षेत्रकार्यासाठी एक शिक्षक नेमलेला असतो आणि ठरलेल्या वेळी इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स होते. आज तू कोणाच्या घरी गेलीस, काय बोललीस, तुझ्या पोटात काय झालं, हे तिथं सांगावं लागतं. तुझ्यासारख्या मुलीला हेच हवं: चूक लहान असताना ती पाहणारं दुसरं कोणीतरी. दूरशिक्षणातही क्षेत्रकार्य आहे, पर्यवेक्षकही असतो, पण एवढ्या नेमानं कोणी समोर बसेल याची खात्री कमी. कॉलेज निवडताना इमारत पाहू नकोस. दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना गाठून विचार की तुमची कॉन्फरन्स खरंच होते, की रिपोर्टवर नुसती सही होते.

त्या मुलाचं आता काय? एकटी त्याच्या घरी जाऊ नकोस. संस्थेच्या समन्वयकाला झालं ते सगळं सांग आणि दोघं मिळून जा. त्या बाईला एवढंच म्हण, 'त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले, तसं बोलायला नको होतं. पोरगा वर्गात यावा अशी इच्छा आहे.' कोणी मारलं, का मारलं, हे दारात उभं राहून विचारायचं नाही. मूल पुन्हा तुमच्या नजरेसमोर येणं हे आज सगळ्यात महत्त्वाचं. मारहाण चालूच आहे असं दिसलं तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, चोवीस तास, आणि जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला क्रूरपणे वागवणं हा बाल न्याय कायद्याच्या ७५व्या कलमाखाली गुन्हा आहे. लैंगिक छळाची शंका आली तर विचार करत बसायचं नाही. पोक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे. आणि त्या बाईला स्वतःसाठी मदत हवी असेल तर १८१. रविवारी शिकवायला जाणाऱ्या प्रत्येकाला हे क्रमांक पाठ हवेत. तुमच्या संस्थेनं तुम्हाला ते पहिल्या दिवशी दिले नव्हते, हा दोष तुझ्या एकटीच्या माथी घेऊ नकोस.

आता ते सात गुण. ही चाचणी ज्या अभ्यासातून आली तो अमेरिकेतला, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला. बालपणातले आघात आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध त्यातून हजारो लोकांच्या माहितीवर दिसला. पण तो लोकसमूहाचा अंदाज होता. त्याच अभ्यासाच्या दोन मुख्य संशोधकांपैकी एकानं पुढे २०२० मध्ये सहकाऱ्यांसोबत लिहिलं की हा आकडा एकेका माणसाचं भविष्य सांगायला वापरू नये. तुझ्या सात गुणांत बारावीचा फॉर्म भरणाऱ्या मॅडम नाहीत. दर शनिवारी तुला खिचडी खाऊ घालणारी शेजारची आजी नाही. त्या चाचणीत असा प्रश्नच नसतो. हवाई बेटांतल्या कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली व्यसनं, भांडणं अशा अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं नीट, कामाची, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात सारखी दिसलेली एक गोष्ट म्हणजे घरात किंवा घराबाहेर भरवशाचं एक तरी मोठं माणूस. उरलेल्या दोन तृतीयांशांपैकीही पुष्कळजण पुढे सावरले. तेव्हा 'मोडलेली' हा शब्द तुझा नाही, मोबाइलचा आहे.

त्याचा अर्थ उपचार नकोत असा नाही. वळ पाहून पाय आपोआप चालू लागणं, रात्र रात्र झोप न येणं, वडील गेल्यावर काहीच न वाटणं, यावर काम करण्यासारखं आहे आणि ते प्रवेशाआधी सुरू झालं तर उत्तम. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सुरुवात तिथून कर. समोरासमोर बोलायचं तर मेडिकलला किंवा मेयोला, नागपुरातल्या या दोन्ही सरकारी रुग्णालयांत, मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. केस पेपरला लागते ती रांग, पण आत गेल्यावर 'दारुड्याची पोर' ऐकून तिथं कोणाच्या भुवया वर जात नाहीत. तिथल्या डॉक्टरांनी अशी घरं रोज पाहिलेली असतात. दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे गट चालतात, फी नाही, पूर्ण नाव सांगावं लागत नाही. पिणारा माणूस गेल्यानंतरही तिथं जाता येतं. वडिलांसाठी रडू आलं नाही म्हणून तू दगड झालीस, असं मुळीच समजू नकोस. येईल कधी. नाहीही येणार.

राहिलं मॅडमचं ऋण. मॅडमनी परीक्षेचा फॉर्म भरला. 'पुढे समाजकार्य करशील या अटीवर' असं त्या म्हणाल्या होत्या का? तू उद्या सी.ए.च्या ऑफिसात चांगल्या पगारावर लागलीस तर त्यांचे पैसे बुडाले असं त्यांना वाटेल, हे मला पटत नाही. त्यांना भेटायला जा, शक्य असेल तर मार्कशीट घेऊन जा. फेड तिथं झाली. भोगलेलं वाया जाऊ नये हा विचार त्याहून घातक आहे, कारण मग मार खाल्ल्याचंही काहीतरी कारण होतं असं मन ठरवून टाकतं. कारण काहीही नव्हतं. एका माणसानं पिऊन लेकराला मारलं. त्यातून काही चांगलं निघालंच पाहिजे अशी जबाबदारी त्या लेकरावर नाही.

आपल्याच गावातली दोन नावं घे. जाईबाई चौधरी उमरेडच्या. दुष्काळात घरच्यांसोबत नागपुरात आल्या, लहानपणीच लग्न झालं, पोटासाठी ओझी वाहिली. एका मिशनरी बाईच्या मदतीनं लिहायला-वाचायला शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. अस्पृश्य आहेत म्हणून लोकांनी ओरड केली, नोकरी गेली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२१ मध्ये, लहान वयात विधवा झालेल्या कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्यासोबत मातृ सेवा संघ सुरू केला. त्याच संस्थेचं समाजकार्य महाविद्यालय आज बजाजनगरात आहे. भाषणांत या दोघींचं दुःख तेवढं सांगतात. दोघींनी आधी काय केलं ते राहून जातं: एक शिकवायला शिकली, दुसरी नर्सिंग शिकली. आधी हातात कसब घेतलं, कामाचा पगार घेतला, आणि मग स्वतःचं काही उभं केलं. जाईबाईंनी शाळेत मुलींना बाराखडी शिकवली. स्वतःचे हाल ऐकवून काही त्या मुली लिहायला शिकल्या नसत्या.

म्हणूनच देणगीदारांच्या त्या कार्यक्रमाला माझं उत्तर सरळ 'नाही' आहे, निदान या वर्षी तरी. व्हिडिओ निघेल, तो वस्तीत फिरेल, आई आणि भाऊही त्यात येतील, आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही. संस्थेला सांग, मी वर्गाबद्दल बोलते. किती मुलं येतात, कोणाला वाचता येऊ लागलं, काय कमी पडतं. एवढ्यावर त्यांचं भागत नसेल तर त्यांना तुझं काम नको आहे, तुझे वळ हवे आहेत.

तुझ्यासारख्या इतर वाचकांसाठी थोडं. गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडून नागपुरात शिकायला येणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचा खर्च मिळतो. शहरातल्याच रहिवाशाला तो मिळत नाही, म्हणून वर त्याचा उल्लेख केला नाही. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तशीच स्वयम योजना आहे. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यांना अनुरक्षणगृहाची सोय एकविसाव्या वर्षापर्यंत मागता येते, आणि अनाथ प्रमाणपत्र असेल तर राज्यात शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. हे प्रमाणपत्र संस्थेत असतानाच काढून घ्या. बाहेर पडल्यावर त्यासाठी फार चपला झिजतात.

आणि तुझ्यासाठी कामाची यादी. या आठवड्यात शेठ, पुढच्या रविवारी समन्वयक, आणि त्या दरम्यान कधीतरी, मोठे बाबा घरी नसताना, आई. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढ. जातीचा दाखला, जात वैधता, अधिवास, बी.कॉम.नंतरच्या गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि आधारशी जोडलेलं बँक खातं, एवढं एका फाइलमध्ये ठेव. मे महिन्यावर ढकलू नकोस; उन्हात पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो आणि निकाल लागले की सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते.